झाडाकडे पाठ

एकदा एक वृद्ध प्राणिशास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीतल्या सदाहरित रानात अभ्यासाला गेले. प्रत्येकाने रानातला एक विषय निवडायचा, चिकाटीने त्याच्यामागे राहायचे आणि परतल्यावर त्यावर प्रबंध लिहायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. कोणी मुंग्यांच्या वाटा निवडल्या, कोणी शेवाळ. एका चिरंजीवांनी कोळ्याचे जाळे निवडले, कारण ते मुक्कामाच्या व्हरांड्यातच होते आणि त्यासाठी कुठे चालत जावे लागत नव्हते.

हेमांगी नावाच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला धनेश पक्ष्याचे घरटे आले. धनेशाची रीत मोठी विलक्षण असते. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट काय ती उरते. आत ती आणि तिची पिल्ले, बाहेर एकटा नर. तो दिवसभर रान पालथे घालतो, घशात उंबरे भरून आणतो आणि एकेक फळ त्या फटीतून आत देतो. तो आला नाही, तर आतल्या जिवांना दुसरे कोणी नसते.

हे ऐकल्यापासून हेमांगीचा जीव त्या ढोलीत अडकला. सरांनी तिला दूरच्या एका कातळापाशी बसायला सांगितले होते. पण तिथून फट नीट दिसत नव्हती, म्हणून ती थोडी पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. शेवटी तिने समोरच्याच झाडाच्या बुंध्याशी पानापाचोळ्याचा आडोसा केला आणि तिथे ठाण मांडले. जेवायची शुद्ध तिला राहिली नाही. बरोबरची मुले तिला पिल्लांची मावशी म्हणू लागली आणि तिलाही ते आवडू लागले.

मग नराच्या फेऱ्या कमी झाल्या. तो पलीकडच्या झाडावर येई, घसा फळांनी फुगलेला असे, मान तिरकी करून बराच वेळ बसे आणि तसाच उडून जाई. ढोलीतून पिल्लांचा आक्रोश ऐकू येई आणि हळूहळू तोही क्षीण होत चालला. हेमांगीने आपल्या टिपणात लिहिले की नर निष्काळजी आहे. मग तिला राहवेना. ती धावत सरांकडे आली आणि रडू लागली.

"सर, तो बाप बरा नाही. पिल्लं उपाशी मरतील. कुणाला तरी शिडी घेऊन बोलवा ना. मी उंबरं गोळा करून ठेवलीत."

सर रागावले नाहीत. ती कुठे बसते, एवढेच त्यांनी विचारले. अगदी जवळ, नजरसुद्धा हलवत नाही, असे तिने काहीशा अभिमानाने सांगितले. उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर येतो, असे म्हणून त्यांनी तिला जेवायला बसवले.

सकाळी सर आले. हेमांगीने केलेल्या आडोशाजवळ ते थांबलेच नाहीत. उलट मागे फिरून कातळापाशी गेले, तिथे पंचा अंथरला आणि झाडाकडे चक्क पाठ करून बसले. तिलाही त्यांनी तसेच बसायला सांगितले. वयामुळे सरांना दिशेचे भान राहिले नसावे, असे तिला वाटले.

"सर, घरटं तिकडे आहे."

"मला ठाऊक आहे. बस."

ती बसली. ऊन वर चढत गेले. तिची मान मागे वळू लागली की सर तिच्या खांद्यावर नुसता हात ठेवत. पाठीमागे एक पिल्लू थकलेल्या आवाजात ओरडत होते आणि इकडे तिचे डोळे भरून येत होते.

आणि मग सुपात धान्य पाखडावे तसा पंखांचा मोठा आवाज त्यांच्या डोक्यावरून गेला. ढोलीत एकच कल्लोळ उसळला. तो हळूहळू कमी होत गेला आणि मग सारे शांत झाले. भुकेल्या घरात सगळ्यांच्या तोंडात घास पडल्यावर होते, तशी ती शांतता होती. हेमांगीने सरांचा हात घट्ट धरला, पण वळून पाहिले नाही.

सर हलक्या आवाजात म्हणाले, "तो निष्काळजी नव्हता, बाळ. घास घेऊन रोज यायचा आणि तुझ्या डोळ्यांना भ्यायचा. तुझ्यादेखत ढोलीकडे जाणं म्हणजे आपली बायकापोरं कुठे आहेत ते परक्याला दाखवणं. तू त्याचा आळस टिपलास असं तुला वाटलं, पण टिपलीस ती त्याला वाटणारी तुझी भीती. तुझी माया खरी होती ना, म्हणूनच तुला ते कळलं नाही. मायेनं पुढं टाकलेलं पाऊल चुकीचं असेल, असं आपल्या मनातसुद्धा येत नाही."

हेमांगीने आपली टिपणे उघडली. मग तिने विचारले, "पण न बघता मी लिहू काय?"

"आत्ता पंख ऐकलेस, पिल्लं गप्प झालेली ऐकलीस. ते लिही. पिल्लं उडून गेली की आपण परत येऊ. झाडाखाली बिया पडलेल्या असतील, त्यांनी काय काय खाल्लं ते त्यावरून कळेल. आणि आधीचं लिहिलेलं फाडू नकोस. त्याच्याखाली लिही, मी जवळ बसले होते म्हणून तो आला नाही."

तिने तसे लिहिले. उरलेले दिवस ती कातळापाशी पाठ करून बसली आणि पंखांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा वरचेवर येऊ लागला. निघायच्या दिवशी सर तिला म्हणाले की आता निरोपाचे एकदा डोळे भरून बघून घे, दुर्बीण देतो. तिने मान हलवून नको म्हटले. "आत्ता त्यांची जेवायची वेळ आहे, सर," ती म्हणाली आणि सामान उचलून वाटेला लागली.

ज्यांच्यावर आपला जीव आहे, त्यांच्या दारापासून आपण किती अंतरावर बसलो आहोत, हे ज्याचे त्याने एकदा पाहावे.