वाऱ्याच्या तोंडाला

"मला पाठीचा वारा कुणीच कसा दिला न्हाई, चाचा?"

दौलत शेडगेने हे चप्पल काढायच्या आधीच विचारलं. राम राम नाही, तब्येतीची चौकशी नाही. वैशाखातल्या दुपारी घाट चढून आलेला माणूस आधी पाणी मागतो. याने जाब मागितला.

हुसेनचाचा मुजावर पिराच्या ओट्यावर बसून एक जुना चेंडू शिवत होते. उसवलेल्या शिवणीतून मेण लावलेला दोरा ओढून घेत ते म्हणाले, "बस. गूळ खा."

डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावरच्या या लहानशा दर्ग्याची देखभाल चाचांच्या घराण्याकडे आहे. पण तालुका त्यांना ओळखतो तो क्रिकेटमुळे. तरुणपणी ते एका गिरणीच्या संघातून गोलंदाजी करायचे. गिरणी बंद पडली तसे गावी परतले आणि दर्ग्यामागच्या माळावर पोरांना चेंडू टाकायला शिकवू लागले. त्या पोरांतून क्रिकेटवर पोट भरणारा एकच निघाला, तो हा दौलत.

पोट भरलं, पण फिरत फिरत. पाच राज्यांकडून खेळला. ज्या संघाचा गोलंदाज जायबंदी होई, त्या संघाला दौलतची आठवण येई. करार एका हंगामाचा. पुढच्या हंगामात दुसरं गाव, दुसरी टोपी, दुसऱ्या भाषेतल्या शिव्या. पेपरात नाव यायचं, पण बातमीच्या शेवटच्या ओळीत. ही हकिकत तो स्वतःच सांगतो आणि सांगताना स्वतःची गय करत नाही, म्हणून मीही इथे करत नाही.

त्याने गूळ खाल्ला, पाणी प्यायला. राग होता तिथेच होता.

"जिथं गेलो तिथं पहिल्या दिवशी तेच. कप्तान वारा बघणार, बोट करणार आणि म्हणणार, दौलत, तू त्या बाजूनं टाक."

"कुठल्या बाजूनं?"

"वाऱ्याच्या तोंडाला. आणि कुठल्या?"

ज्याला गोलंदाजीचं फारसं ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. मैदानाला टोकं दोन आणि वारा एक. वारा पाठीशी घेऊन टाकणाऱ्याचा चेंडू सुसाट जातो, विकेटा पडतात, फोटो छापून येतो. समोरच्या टोकाकडून टाकणाऱ्याच्या तोंडात धूळ जाते आणि दिवसभर टाकून त्याचे पाय भरून येतात. पण तिकडूनही कुणीतरी टाकावं लागतंच. पाचही संघांत तो कुणीतरी दौलत होता.

"दुसऱ्या टोकाकडची पोरं वर गेली," दौलत म्हणाला. "त्यातली दोघं देशाकडनं खेळली. मी टीव्हीवर बघितली."

"चांगलं टाकलं?"

"...चांगलं टाकलं."

"मग बरं झालं की."

दौलतला हे लागलं. त्याने पाण्याचा तांब्या जरा जोरात खाली ठेवला.

"चाचा, मी चेष्टेसाठी आलो न्हाई. लांबच्या एका राज्याचा फोन आलाय. नवा संघ, लिंबूटिंबू. एक हंगाम या म्हणतात. आणि पुण्यात एक अकादमी आहे, तिथं शिट्टी गळ्यात घालून सावलीत उभं राहायची नोकरी आहे. बायको म्हणाली, तुम्ही ठरवा, मी फक्त बॅग भरते. दोघांनाही आज उत्तर द्यायचंय."

"मग दे."

"कसं देऊ? आत्तापर्यंत काय केलं तेच कळंना झालंय. सगळा जन्म दुसऱ्यांच्या विकेटा पिकवण्यात गेला असं वाटतंय. आता छत्तिसाव्या वर्षी परत जाऊन त्याच टोकाला उभं राहायचं?"

चाचांनी दोरा दातांनी तोडला. चेंडू बोटांत फिरवून शिवणीवरून अंगठा फिरवला. दौलतला वाटलं आता काहीतरी बोलतील.

...

मग ते उठले, ओट्यामागून एक स्टंप काढला आणि चेंडूबरोबर दौलतच्या हातात दिला.

"माळावर जा. एक टाक."

"कुठल्या बाजूनं?"

"आज कप्तान कुठाय? तूच कप्तान."

माळ रिकामा होता. एका अंगाला सड्याची कड, तिच्यापलीकडे खाली कोकण. दुसऱ्या अंगाला टेकाडावर पवनचक्क्यांची रांग. दुपार कलली की कोकणातून वारा उठतो आणि कड चढून असा येतो की दर्ग्याची हिरवी चादर चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून दाबावी लागते. पवनचक्क्या गरगरत होत्या. चाचांची एक शेळी मध्येच बसली होती, तिने दौलतकडे पाहून तोंड फिरवलं.

दौलतने माळाच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. चालत कडेकडे गेला, स्टंप रोवला आणि दगडाने ठोकून पक्का केला. मग उलट फिरून पावलं मोजत आला, टाचेने मातीत रेघ मारली. शेळीला उठवलं. मागे जाऊन वळला आणि पळत सुटला.

चेंडू हातातून सुटला तो स्टंपाच्या बराच बाहेर. वाऱ्याने त्याला क्षणभर धरून ठेवल्यासारखं झालं. मग तो हवेतच आत वळला, टप्पा पडला आणि स्टंप उखडून पडला.

दौलतच्या तोंडून हसू फुटलं. राग कुठे गेला त्याला कळलं नाही. आपण हसतोय हे लक्षात आल्यावर त्याने तोंड गंभीर केलं.

चाचा रेघेजवळ येऊन उभे होते. एका हाताने डोक्यावरची टोपी धरून ठेवली होती.

"छान," ते म्हणाले. "सदरा बघ तुझा."

दौलतने खाली पाहिलं. सदरा छातीला चिकटला होता आणि पाठीमागे शिडासारखा फुगून फडफडत होता.

तो तसाच उभा राहिला. कडेकडे पाहिलं, पवनचक्क्यांकडे पाहिलं, पुन्हा सदऱ्याकडे पाहिलं.

"हे टोक कुणी दिलं रं तुला?" चाचांनी विचारलं.

दौलतने फडफडणारा सदरा ओढून धरला.

...

"सवय," शेवटी तो म्हणाला. "नुसती सवय आहे ही. बैल नाही का घाण्यावरनं सोडला तरी गोल फिरतो."

"असंल."

"थांबा, दाखवतो."

तो तरातरा गेला, स्टंप उचलून पवनचक्क्यांच्या बाजूला रोवला आणि कडेला पाठ करून पळत आला. वाऱ्याने मागून रेटा दिला. चेंडू असा सुटला की तारुण्यातही इतक्या वेगाने कधी सुटला नसेल. स्टंपापासून हातभर लांबून गेला तो थेट करवंदीच्या जाळीत.

चेंडू शोधायला चाचा गेले नाहीत. दौलतच गेला. काट्यांत हात घालून काढला, बोटाला लागलेलं रक्त सदऱ्याला पुसलं आणि परत आला.

दुसराही तसाच गेला. तिसऱ्याला शेळी उठून दर्ग्यात जाऊन बसली.

"काय झालं?" चाचांनी विचारलं.

"जोर भरपूर आहे." दौलत धापा टाकत होता. "पण चेंडू माझा वाटंना. कुणीतरी मागनं ढकलतंय आणि मी नुसता पळतोय... समोरनं वारा असला की चेंडूला काहीतरी सांगता येतं. आता थांब, आता वळ. तो ऐकतो. हा ऐकतच न्हाई."

"मग सवय म्हणालास ते?"

दौलतने कपाळावरचा घाम पुसला. उत्तर तोंडाशी आलं होतं, पण ते मोठ्याने बोलायची त्याला लाज वाटत होती. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल कुरकुर केली, ते आपल्याला आवडत होतं हे छत्तिसाव्या वर्षी कबूल करणं सोपं नाही.

"म्हणजे कप्तान माझ्यावर अन्याय करत नव्हते?"

"करतही असतील," चाचा म्हणाले. "मला काय ठाऊक. मी कुठं होतो?"

"चाचा, सरळ सांगा की."

"सरळ काय सांगायचं? ज्याला टाकायचंय त्यानं टाकावं."

एवढं बोलून ते रेघेपासून बाजूला झाले आणि एका दगडावर बसले.

दौलतने स्टंप पुन्हा कडेजवळ नेला. या खेपेला कुठल्या टोकाला रोवायचा याचा त्याने विचारही केला नाही. वाऱ्यात तोंड घालून तो टाकत राहिला. एक आत, एक बाहेर, एक सरळ. आत्ता आपण कुणाच्या संघातून खेळतोय हे त्याला आठवेना, आणि न आठवल्याचं काही वाटलंही नाही. स्टंप पडला की चाचा मान हलवत. नाही पडला तरी हलवत. दौलत म्हणतो, इतकं निवांत मला कुठल्याच मैदानावर वाटलं नव्हतं, आणि तिथं तर टाळ्या वाजवायला शेळीसुद्धा नव्हती.

ऊन तिरकं झालं. दौलतच्या खिशातला फोन वाजू लागला. त्याने काढून पाहिला.

"लांबच्या राज्याचे मॅनेजर आहेत."

चाचा चेंडू हातात घेऊन शिवण कुठे उसवली का ते पाहत होते.

फोन वाजत राहिला.

"चाचा... यांना काय सांगू?"

"सांगू नको," चाचा म्हणाले. "विचार. तुमच्याकडं वारा कुठनं येतो म्हणावं."