झुपकीची बॅट आणि लांबलचक सावली

बाभळीच्या झाडावर एक खार राहायची. एवढीशी! मुठीत मावेल एवढी. पण शेपूट कसं? मोठं झुपकेदार! म्हणून तिचं नाव झुपकी.

गावाबाहेरच्या खळ्यावर रोज संध्याकाळी खारींचं क्रिकेट चालायचं. चेंडू म्हणजे हिरवं बोर. स्टंप म्हणजे बाभळीचे तीन काटे. आणि बोर आणून द्यायला कोण? झुपकी! बोर गवतात गेलं, पळ झुपके! बोर बिळात गेलं, पळ झुपके!

पण आज? आज झुपकीची बॅटिंग होती. अगदी पहिल्यांदा!

झुपकी सकाळीच उठली. तुरीच्या काडीची बॅट घेतली. एकदा फिरवली. दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा बॅट दगडावर आपटली. कट्ट! बॅटचे झाले दोन तुकडे.

"वा गं झुपके, वा!" झुपकी स्वतःलाच म्हणाली. "बोर राहिलं बाजूला, दगडालाच षटकार!"

पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बॅट नाही, तर बॅटिंग नाही. पुन्हा पळ झुपके, बोर आण झुपके! छे छे! नवी बॅट हवीच. लाकडाची. पक्की.

तुरु तुरु, तुरु तुरु. झुपकी गेली सोपानमिस्त्रींकडे. मिस्त्री गावाचे सुतार. कानावर पेन्सिल, मिशीत भुसा.

"मिस्त्रीकाका, मला बॅट करून द्या ना!"

"करतो की. माप काय?"

झुपकीने मागे वळून पाहिलं. सकाळचं कोवळं ऊन होतं. अंगणात तिची सावली पडली होती. लांबच लांब! कान इथे, शेपूट पार कुंपणाशी.

"अगं बाई! केवढी मोठी ही मी!"

तिने मिस्त्रींची दोरी घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावली मोजली.

"ही घ्या माझी उंची! एवढी मोठी बॅट करा."

मिस्त्रींनी दोरी पाहिली. मग झुपकी पाहिली. मग मिशीतल्या मिशीत हसले.

"गिऱ्हाईक म्हणेल तसं!" ते म्हणाले. त्यांनी फळीवर रंधा ओढला. खर्र! रंध्याचं पातं बोथट, फळी तासलीच जाईना.

"पातं कापेना, बॅट होईना. आधी कासमचाचांना सांग, येऊन पात्याला धार लावा. मग बॅट."

"वा गं झुपके, वा! निघाले बॅट आणायला, चालले धार लावायला!"

तुरु तुरु, तुरु तुरु. कासमचाचा सायकलवर बसले होते. सायकलला होतं धारेचं चाक.

"चाचा, चाचा!
बॅट मोडली कट्ट!
पातं कापेना, बॅट होईना.
पात्याला धार लावा ना!"

"लावतो की, बेटा. पण हे बघ." चाचांनी पायडल मारलं. कुर्र! चाक अडलं. "चाक फिरेना, पातं कापेना. आधी यमुनाक्कांकडून तेल आण. मग धार."

"वा गं झुपके, वा! निघाले बॅट आणायला, चालले तेल आणायला!"

तुरु तुरु, तुरु तुरु. ऊन जरा वर आलं. सावली जरा आखूड झाली. झुपकीचं लक्षच नाही!

यमुनाक्कांचा तेलाचा घाणा होता. बैल गोल गोल फिरायचा, मग तेल निघायचं. पण आज आक्का कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"आक्का, आक्का!
बॅट मोडली कट्ट!
पातं कापेना, बॅट होईना.
चाक फिरेना, पातं कापेना.
थोडं तेल द्या ना!"

"कुठलं तेल, बाई माझे? भोपळ्या बैल बसलाय रुसून. तेल निघेना, चाक फिरेना. आधी त्याला उठव. मग तेल."

"वा गं झुपके, वा! निघाले बॅट आणायला, चालले बैल उठवायला!"

तुरु तुरु, तुरु तुरु. ऊन आणखी वर आलं. सावली आणखी आखूड झाली. झुपकीचं लक्षच नाही!

भोपळ्या बैल चिंचेखाली बसला होता. केवढं ते पोट! कान हलवत होता. फट् फट्, फट् फट्!

"भोपळ्यादादा, भोपळ्यादादा!
बॅट मोडली कट्ट!
पातं कापेना, बॅट होईना.
चाक फिरेना, पातं कापेना.
तेल निघेना, चाक फिरेना.
जरा ऊठ ना!"

"हूंऽऽ!" भोपळ्या म्हणाला. "कानात गोचीड चावतेय. बैल उठेना, तेल निघेना. आधी साळुंकीताईला बोलाव. ती गोचीड काढेल. मग उठेन."

"वा गं झुपके, वा! निघाले बॅट आणायला, चालले पाखरू बोलवायला!"

तुरु तुरु, तुरु तुरु. ऊन अगदी डोक्यावर आलं. सावली? झुपकीचं लक्षच नाही!

दगडी भिंतीत एक भोक. भोकात साळुंकीचं घरटं.

"साळुंकीताई, साळुंकीताई!
बॅट मोडली कट्ट!
पातं कापेना, बॅट होईना.
चाक फिरेना, पातं कापेना.
तेल निघेना, चाक फिरेना.
बैल उठेना, तेल निघेना.
त्याची गोचीड काढा ना!"

"कशी येऊ गं? माझं पिल्लू रडतंय सकाळपासून. त्याला टाकून कशी येऊ? गोचीड सुटेना, बैल उठेना. आधी माझ्या पिल्लाला हसव. मग येते."

"वा गं झुपके, वा! निघाले बॅट आणायला, चालले पिल्लू हसवायला!"

पिल्लाने भोकातून चोच बाहेर काढली. चीं! चीं! चीं!

"पिल्ला, पिल्ला!
बॅट मोडली कट्ट!
पातं कापेना, बॅट होईना.
चाक फिरेना, पातं कापेना.
तेल निघेना, चाक फिरेना.
बैल उठेना, तेल निघेना.
गोचीड सुटेना, बैल उठेना.
हस ना रे, सोन्या!"

पिल्लू हसलं? छे! आणखी जोरात रडलं. चीं! चीं! चीं!

"रडू नको रे," झुपकी म्हणाली. "मी आहे ना! मी केवढी मोठी आहे ठाऊक आहे? थांब, माझी सावली दाखवते. ही बघ!"

तिने मागे पाहिलं. सावली नाही! पुढे पाहिलं. सावली नाही! डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मग तिने पोटाखाली पाहिलं. तिथे होता एक ठिपका. काळा, गोल, बोराएवढा.

"अगं बाई! हीच का मी?"

झुपकीला लाज वाटली. कान लाल झाले. आणि मग, काय सांगू, तिला हसूच फुटलं!

"अरे पिल्ला, मी सकाळी सावली मोजली! आणि बॅट सांगितली कुंपणाएवढी! ती उचलायला लागतील दहा खारी. आणि तिच्याखालून मला शोधायला आणखी दहा!"

खुदु खुदु, खुदु खुदु! झुपकी हसून हसून लोळली. पोट धरून लोळली. शेपूट नाकात गेलं. आँक्छी!

पिल्लाने ठिपका पाहिला. झुपकी पाहिली. आणि पिल्लू हसलं. खी खी खी!

मग काय?

पिल्लू हसलं, साळुंकी आली. भुर्र!
साळुंकी आली, गोचीड सुटली. टुच!
गोचीड सुटली, बैल उठला. हम्मा!
बैल उठला, तेल निघालं. ठिप ठिप!
तेल निघालं, चाक फिरलं. गर्र गर्र!
चाक फिरलं, पातं चाललं. सर्र सर्र!
पातं चाललं, आणि बॅट झाली!

एक नाही, मिस्त्रींनी तीन बॅटी मांडल्या.

"ही पहिली, तुझ्या दोरीच्या मापाची. ही दुसरी, उरलेल्या फळीची. आणि ही तिसरी, खाली पडलेल्या ढलपीची. बघ बाई, तूच निवड."

"मला कळलंय हो, काका. मी एवढीशी आहे," झुपकी म्हणाली.

असं म्हणाली खरी. पण पाय कुठे गेले? मोठ्या बॅटकडे!

हेऽऽ हुप्प! बॅट हलेना. हेऽऽ हुप्प! बॅट ढिम्म.

"वा गं झुपके, वा! अक्कल आली, पण दुपारच्या सावलीएवढीच!"

मग दुसरी बॅट. झुपकीने उचलली. झुपकीने फिरवली. पण बॅटनेच झुपकीला फिरवलं. गर्र, गर्र, धप्प!

मग तिसरी. ढलपीची, छोटीशी. उचलली, तर पटकन उचलली गेली. फिरवली, तर झुपकी जागच्या जागी. आता आवाज बघायचा. पण दगडावर नाही हं! तिने बॅट हळूच फळीवर ठोकली. टक!

"हीच माझी," झुपकी म्हणाली.

"आणि ती मोठी?" मिस्त्रींनी विचारलं.

"ती द्या खळ्यावर ठेवून. बसायला होईल."

संध्याकाळ झाली. मोठ्या बॅटवर सगळे दाटीवाटीने बसले. मिस्त्री बसले, चाचा बसले, आक्का बसल्या. साळुंकी बसली, पिल्लू बसलं. भोपळ्या मागे उभाच राहिला. तो बसला असता तर बाकाचं काही खरं नव्हतं!

झुपकी काट्यांपुढे उभी राहिली. सूर्य खाली आला होता. सावली पुन्हा लांब झाली होती. कान इथे, शेपूट पार कुंपणाशी. आणि सावलीच्या हातात केवढी मोठी बॅट!

झुपकीने सावलीकडे पाहिलं. आपली छोटी बॅट घट्ट धरली.

"तू नुसती दिस गं. खेळते मी!"

बोर आलं. सूंऽऽ!

टक!

बोर उडालं. मिस्त्रींच्या डोक्यावरून गेलं. भोपळ्याच्या शिंगांवरून गेलं. खळ्याच्या कुंपणावरून पलीकडे गेलं.

"पळा रे पळा! बोर आणा!" सगळ्या खारी पळाल्या.

आणि झुपकी? ती नाही गेली बोर आणायला. आज ती धावा काढत होती. तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु!

बोर उडालं टुण्कन,
गोष्ट निजली झुप्कन!