डोंगराने बोली वाढवली तेव्हा

त्या राज्यात डोंगर बोलायचा आणि तळं दाखवायचं. डोंगर उंच, त्याला चहूकडचं दिसे. पण त्याची बोली खालच्यांना कळत नसे. तळ्याला वाचा नव्हती, मात्र वेताच्या नळीतून कुणी त्याला समजेल असं सांगितलं की ते पाण्यावर हुबेहूब चित्र उमटवी. घार कुठे घिरट्या घालते आहे, कोणत्या झाडाला फळ धरलं आहे, कुणाचं घरटं कललं आहे, सगळं. म्हणून तिथल्या आया पिल्लांना काठच्या वेतात ठेवून बिनघोर चरायला जात. तळ्यात घार दिसली की दडायचं, एवढं पिल्लांना पाठ असे. वर बघायचं मात्र तिथे कुणीच कुणाला शिकवलं नव्हतं.

डोंगर आणि तळं यांच्यामध्ये कुंदा नावाची साळुंकी होती. दुभाषीण. डोंगराचं ऐकायचं आणि नळीतून तळ्याला त्याच्या भाषेत सांगायचं, हे तिचं काम. ते ती चोख करी, तरी तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. उद्या डोंगराने बोली वाढवली तर?

त्या राज्यात मोडलं, फुटलं, विझलं असं कुणी तोंडाने म्हणत नसे. अभद्र. नारळ वाढवायचा, बांगडी वाढवायची, दिवाही वाढवायचा. त्यामुळे डोंगराने बोली वाढवल्याची दवंडी आली की सगळे एकमेकांचं अभिनंदन करत आणि कुंदा तेवढी नळीकडे धावे. कोणत्या अर्थी वाढवली, हे दवंडीत कधीच नसे. मागच्या वाढीत तळ्यातले रंग गेले होते. त्याच्या आधीच्या वाढीत तळं सगळं उलटं दाखवू लागलं, आणि कित्येक दिवस आया उताण्या पडून तळ्याकडे बघत होत्या. दरवेळी कुंदाने शब्दाला शब्द जुळवत कसंबसं निभावून नेलं होतं. दरवेळी तिला वाटलं होतं की खरी दुभाषीण असती तर तिला इतके कष्ट पडले नसते.

या खेपेला तळं काळं पडलं.

पाणी होतं तसंच होतं, पण त्यावर काहीच उमटेना. आया उठून गेल्या तर घार, बसून राहिल्या तर भूक. सगळ्या कुंदाकडे बघू लागल्या. तिच्या घरट्यातही तिची लेक बिट्टी होती. पंख अजून फुटायचे होते, वाचा मात्र केव्हाच फुटली होती.

कासवआजोबांनी सुचवलं, नळी काढून परत घाल. तिने घातली. मग ते म्हणाले, तळं पानांनी झाकून जरा वेळाने उघड. सगळ्यांनी मिळून तळं झाकलं, सगळ्यांनी मिळून उघडलं. काळंच. टिटवी कुणाकडेही न बघता म्हणाली, "आमच्या माहेरच्या तळ्याला असं कधी झालं नाही हो."

कुंदा बिट्टीला टिटवीच्या पंखाखाली ठेवून डोंगराच्या पायथ्याशी गेली. तिथे तक्रारी ऐकायला बगळेराव एका पायावर उभे असत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नवी बोली किती सुटसुटीत आहे ते समजावलं. तिने नव्या बोलीत घारीला काय म्हणतात, तेवढंच विचारलं.

"तो शब्द काढला, कुंदाताई. अभद्र होता. घार दिसली की डोंगर आता काहीच बोलत नाही."

"मग तळं काळं असलं, तर घार आली आहे असं समजायचं की तळं बिघडलंय असं?"

"बिघडलं म्हणू नये," बगळेराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तळं कधीचं आहे तुमचं?"

तिने सांगितलं, आजी-पणजीच्या आधीचं.

"मग तळंच बदला की."

जुनी बोली परत मिळेल का, असं तिने चाचरत विचारून पाहिलं. बगळेरावांनी पाय बदलला. डोंगर कधी मागे सरकलेला पाहिलाय का तुम्ही, असं त्यांनीच उलट विचारलं.

ती परतली तेव्हा वेतात चिवचिवाटसुद्धा उरला नव्हता. बिट्टी हळूच म्हणाली, भूक वाढली आहे. त्या राज्यात याचा अर्थ संपली असाही होत असे. कुंदाने क्षणभर तोच धरला, आणि मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती तडक नळीकडे गेली.

नळी चोंदली तर नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं. बोलायला नवं काही नव्हतं, म्हणून तळ्यातले रंग जाण्याआधी, त्या वेळच्या जुन्या बोलीत डोंगराने शेवटचं जे सांगितलं होतं, ते तिने आठवून आठवून शब्दन् शब्द नळीत म्हटलं.

तळं उजळलं.

निळंभोर आभाळ, फळांनी वाकलेला उंबर, वेतातली घरटी, आणि घार कुठेच नाही. काठावर एकच कल्लोळ झाला. टिटवीनेसुद्धा, कधी नव्हे ते, कुंदाच्या तोंडात साखर पडो म्हटलं. आया पंख झटकून उंबराच्या दिशेने निघाल्या. कुंदाला त्यांना थांबवायचं होतं. पण काय म्हणून? माझं काहीतरी चुकलं असेल, हे वाक्य ती आयुष्यभर इतक्यांदा बोलली होती की आता ते कुणाला ऐकूच जात नसे. शिवाय आभाळ काय, तेव्हाचं आणि आजचं सारखंच असतं, असं तिने स्वतःला समजावलं. शेवटची आई उंबरापलीकडे दिसेनाशी झाली. पिल्लं वेताबाहेर येऊन काठावर सांडली. कुंदानेही पंख पसरले.

बिट्टी मान लांब करून तळ्यात बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तळ्यात तू अंड्यावर बसलीयेस. मग मी कुठे आहे?"