प्लवीच्या गळ्यातली झोळी

कृतयुग उतरणीला लागले होते आणि पशुपक्षी अजून मनुष्यवाणीने बोलत होते, त्या काळी कुमुद सरोवराच्या तीरी और्णव ऋषींचा आश्रम होता. हे महातपस्वी मोठे नेमस्त आणि तितकेच तापट. माध्यान्ही मधुकरी मागून आणावी, रसनेचा मोह उरू नये म्हणून ती झोळीसकट सरोवरात बुडवावी, पाणी निथळू द्यावे आणि आधी अतिथीला वाढून उरलेले आपण सेवन करावे, असा त्यांचा नियम.

तीरावरच्या वटवृक्षावर प्लवी नावाची शुभ्र पक्षिणी राहत असे. तेव्हा तिची चोच बगळ्यासारखी सडपातळ होती. एका वर्षी अवर्षणाने सरोवर आटले, मासे दूर मध्यावर गेले, आणि तिने चोचीत धरून आणलेला मासा घारी वाटेतच हिसकावू लागल्या. पिले इतकी क्षीण झाली की त्यांना ओरडण्याचेही त्राण उरले नाही. आईचाच जीव तो, किती धीर धरणार? और्णव झोळी निथळत ठेवून आचमनास वळताच तिने ती उचलली आणि घरट्यात नेऊन रिती केली.

ऋषींचे नेत्र आरक्त झाले. हाती उदक घेऊन ते म्हणाले, "अतिथीचा भाग चोरणाऱ्या पक्षिणी, ही झोळी तुझ्या वंशाच्या गळ्यात युगानुयुगे लोंबत राहील. तिच्यात येईल ते दुसऱ्याला दिल्यावाचून तुला गिळता येणार नाही."

शाप तत्काळ फळला. चोचीखाली कातड्याची भली थोरली झोळी घेऊन प्लवी खाली उतरली आणि मान लववून उभी राहिली. तिने उःशाप मागितला नाही.

"मुनिवर, शाप मला मान्य आहे," ती म्हणाली. "एवढेच सांगावे, हिच्यात माझ्या पिलांचे डोके मावेल ना?"

और्णवांनी वर पाहिले. पिले भिजले अन्न टिपत होती. आईच्या चोचीला शीतही लागले नव्हते. "मावेल, बाळे," ते म्हणाले. "अतिथी माझ्या माथ्यावरच्या फांदीवर उपाशी होते आणि मी चोर शोधत बसलो. शाप मागे घेता येत नाही, पण या झोळीतला घास घारीला दिसणार नाही. पिले वाढली की तूही पोटभर खाशील, आणि नातवंडे-पतवंडे पाहण्याइतके आयुष्य तुम्हांला लाभेल."

म्हणून आजही झोळीवाला पक्षी पाण्यासकट मासे उचलतो, मधुकरीसारखे पाणी निथळू देतो, आणि घरट्यात त्याचे पिलू त्या झोळीत मानेपर्यंत डोके घालून जेवते. और्णवांनी मात्र पुन्हा झोळी शिवली नाही. ते ओंजळीत भिक्षा घेत, आणि तिच्यातली पहिली मूठ त्या वटवृक्षाखाली ठेवत.