जनरेटरमागचा बोर्ड

इचलकरंजीत दादासाहेब काकड्यांचं नवं शॉपिंग सेंटर उभं राहिलं आणि पार्किंगमधले बोर्ड बसवायचं काम शर्मिष्ठा पाटोळेकडे आलं. दिव्यांगांच्या गाडीसाठी दाराजवळची जागा राखायची आणि तिथे ठळक बोर्ड लावायचा, असा नियम. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तिने दाराशी खांबासाठी खड्डा खणला, तोच दादासाहेब कडाडले, "ए बाई, इथे माझी गाडी लागणार! तो बोर्ड मागे जनरेटरच्या आड लाव."

"तिथे कोणाला दिसणार, दादासाहेब?"

"ज्याला गरज असेल, तो शोधत येईल!"

शर्मिष्ठाचा नवरा कुबड्या घेऊन चालायचा. दारापर्यंतचं अंतर म्हणजे काय असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने बोर्डाचा खांब भिंतीला टेकवून ठेवला, पण जनरेटरमागे काही नेला नाही.

संध्याकाळी उद्घाटनाला दादासाहेब पाहुण्यांना घेऊन आले. बघतात तर 'दिव्यांगांचे कैवारी दादासाहेब' असं लिहिलेला त्यांचा भलामोठा फ्लेक्स दाराशी नव्हताच. तो लावायचं कामही शर्मिष्ठाकडेच होतं.

"माझा फ्लेक्स कुठाय?"

"लावलाय की. जनरेटरच्या आड."

"डोकं फिरलंय का तुझं? तिथे तो कोण बघणार?"

शर्मिष्ठा हात पुसत म्हणाली, "ज्याला तुमचं कौतुक करायची गरज असेल, तो शोधत येईल, दादासाहेब."

पाहुण्यांमध्ये खसखस पिकली. दादासाहेब कसंनुसं हसले आणि हळूच म्हणाले, "लाव बाई, फ्लेक्स आणि बोर्ड, दोन्ही दाराशीच लाव."

शर्मिष्ठाने खांब उचलला. सकाळचा खड्डा तिने बुजवलाच नव्हता.