हिरूसाठी आणलेला दोर

फाल्गुन शुद्ध पंचमी. ऊन कडक, आभाळात ढगाचा ठिपका नाही, वारा खाडीकडून. मीठ पिकायला याहून चांगला दिवस नसतो. नेमक्या त्याच दिवशी खाडीकाठच्या एका गावात एक मुलगी पिकलेल्या वाफ्यात धपकन उतरली.

गोष्ट फार जुनी आहे. त्या गावाचं पोट मिठावर चाले. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं आणि वर पांढरी साय धरली की जपायचं. चालायचं ते बांधावरूनच. वाफ्यात पाय पडला की तळाचा चिखल वर येई आणि मीठ काळं होई.

गावातली सगळी पोरं बांधावरून चालत. हिरू मात्र चालता चालता पाखरू बघे, खेकडा बघे, आणि पुढच्या क्षणी वाफ्यात असे. मग चहूकडून आवाज उठत. "ए हिरू!" "हिरे, डोळे फुटले का?" हिरू दचकून पळे, ती थेट दुसऱ्या वाफ्यात.

त्या दिवशी मिठागराचा मुकादम दोर घेऊनच दारात आला. हिरूचा बाप मिठाने भरलेला पडाव वल्हवत बंदराला गेला होता. घरात होती हिरूची सावत्र आई, दिवाळीनंतर लग्न होऊन गावात आलेली.

"सूनबाई, मीठ उचलेपर्यंत पोरीला खांबाला बांधायची. गावाने ठरवलंय."

सावत्र आईने दोराकडे पाहिलं, मग हिरूकडे. हिरू खांबाला टेकून उभी होती.

"हिरू, कळतं ना तुला बांधावरून चालायचं?"

"कळतं गं आई. मी ठरवते पण. पाय आधीच गेलेले असतात."

"ऐकलंत, काका?" सावत्र आई म्हणाली. "आता माझं ऐका. मी नवी आहे, म्हणून मला दिसतं. ही उडी मारते तेव्हा सगळ्या गावाची तोंडं हिच्याकडे वळतात. नीट चालते तेव्हा एकही नाही. मग नीट चाललेलं हिला तरी कसं कळावं?"

"म्हणजे चूक आमची?"

"होय. तुमचीच. होळीपर्यंत मला सोडा. तोवर कुणी हिच्यावर ओरडायचं नाही. ओरडायचंच असेल तर होळीला पोटभर बोंबला, सणच आहे. आणि होळीपर्यंत पीक हिच्यामुळे गेलं, तर दोर मी माझ्या हाताने बांधीन."

मुकादम हसला. दोर त्याने खांबाच्या खुंटीलाच टांगून ठेवला. "बघू या!"

दुसऱ्या दिवशी आई हिरूसोबत बांधावर आली. हिरू चार पावलं चालली.

"हिरू, बांधावरून चाललीस. पाहिलं मी."

शेजारच्या वाफ्यावरची म्हातारी खो खो हसली. "अगं, चालण्याचंही कौतुक? उद्या पोरीने श्वास घेतला म्हणून ओवाळशील!"

"ओवाळीन. तबक तुमच्याकडून आणीन."

थोड्या वेळाने हिरूचा पाय घसरलाच. गावाची तोंडं उघडली. आईने नुसता हात वर केला, तशी ती मिटली. एका आजोबांनी तर पंच्याचा बोळा तोंडात कोंबला. एक लाकडी फावडं आईने स्वतः घेतलं, एक हिरूच्या हातात दिलं. दोघींनी चिखल बाजूला ओढला, तळ चोपून सारखा केला. काम होताच आई म्हणाली, "शेवटपर्यंत थांबलीस. पाहिलं मी."

रोज असंच चाललं. आई शाबासकी कधी संध्याकाळसाठी राखून ठेवत नसे. पाय बांधावर असतानाच शब्द पडे. हिरू घसरे, फावडं घेई, पुन्हा चाले. खरी ओढाताण गावकऱ्यांचीच होती. ओरडायचं नाही एवढीच गोष्ट त्यांना सांगितली होती, आणि तीच त्यांच्या लक्षात राहत नव्हती.

होळीच्या आदल्या दिवशी सगळ्यांत मोठा वाफा पिकून पांढराशुभ्र झाला होता. तेवढ्यात मुकादमाचा बोकड सुटून आला आणि वाफ्याच्या कोपऱ्यात उतरून मीठ चाटू लागला.

हिरू बांधावर होती. तिचा एक पाय हवेत उचलला गेला. सगळं आगर श्वास रोखून बघत राहिलं.

पलीकडच्या बांधावरून आईचा आवाज आला. शांत, रोजच्यासारखा. "हिरू, दुसरा पाय बांधावर आहे तुझा. पाहतेय मी."

हिरूचा उचललेला पाय बांधावर टेकला. मग ती पळाली, पण बांधावरून, अख्ख्या वाफ्याला वळसा घालून. बोकडाजवळच्या कडेला पोचून तिने तिथल्या बाभळीची डहाळी मोडून पुढे केली.

"अरे माझा बोकड!" मुकादम ओरडला आणि सरळ वाफ्यात शिरला. मध्यावर जाऊन तो घसरला आणि मिठात फतकल मारून बसला. बोकड डहाळीमागे केव्हाच बांधावर आला होता.

सगळ्या गावाने तोंड उघडलं. आईने हात वर केला. "होळी उद्या आहे."

उघडलेली तोंडं मिटली. मुकादम चिखल निथळत कडेला आला. आईने त्याच्या हातात फावडं दिलं. "चला काका, नीट करू या."

मुकादम खाली मान घालून चिखल ओढू लागला. हिरू त्याच्याकडे बघून म्हणाली, "काका, बाहेर येताना दुसऱ्या वाफ्यात नाही गेलात. पाहिलं मी."

मुकादमाचे कान लाल झाले. पण त्याचा हात आधीपेक्षा नीट चालू लागला, हे सगळ्यांनी पाहिलं.

आई घरी गेली आणि खुंटीवरचा दोर घेऊन आली.

तात्पर्य: चंचल मुलाला बांधायला निघालेल्यांनी आधी आपली जीभ आवरावी. त्याचं चुकलेलं पाऊल सगळ्यांना दिसतं. नीट पडलेलंही पाहावं, आणि ते पडत असतानाच तसं सांगावं.

दोर बोकडाच्या गळ्यात बांधला गेला. होळीनंतर मीठ उचललं, तेव्हा हिरू बांधावर होती.