जोमाबाबाचा सुंभ

त्या दिवशी ऊन असं होतं की खाडीकडं बघवत नव्हतं. अश्विनातली पुनव, वारा पडलेला, पाण्यावर एक सुरकुती नाही. भात पिवळं पडायला लागलेलं, आणि भर दुपारी उधाण चढत होतं.

फार फार मागची गोष्ट. आमच्या गावाचा बांध तेव्हा नुसत्या चिखलाचा होता. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं, मग तीन सालं तिथं दाणा नाही. म्हणून रीत अशी, की बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की घरटी एका माणसानं चिखलाची ढेप घेऊन धावायचं. जे घर एका सालात दोनदा चुकलं, त्याची खाचरं गावानं काढून घ्यायची.

चांगुणा श्रावणात एकदा चुकली होती. वय पंचवीस. नवरा खाडीत बुडून गेलेला, घरात ती आणि आंधळी सासू. तिच्या दोन्ही गालांवर तांबडं उठायचं, नाकावरून इकडून तिकडं, फुलपाखरू बसल्यासारखं. ऊन लागलं की ताप, ताप उतरला की सांधे धरायचे. आता शहरातले डॉक्टर त्याला ल्युपस म्हणतात. तेव्हा नाव नव्हतं, आणि नाव नाही म्हणून दुखणंच नाही, असं लोकांना वाटायचं.

त्या दुपारी खांड पडली. सगळे धावले. चांगुणाही निघाली. ढेप उचलली, ती हातातून निसटली. परत उचलली. दहा पावलांवर ती खाली बसली, आणि उठायला तिला दोन्ही हात जमिनीला टेकावे लागले.

गावचा पंच गोमा तिथंच होता. तो म्हणाला, "हळदीला नाचते आणि बांधावर गळते. चांगुणे, खाचरं सोड आता."

तेव्हा गोमाच्या शेजारच्या घरातला जोमाबाबा पुढं आला. झाडपाला देणारा म्हातारा. होडीतून खाडीकाठच्या गावांना हिंडायचा. असं म्हणतात, झाडं त्याला स्वतः हाक मारून आपला गुण सांगायची, पण ह्या दुखण्यासाठी एकानंही हाक मारली नाही. मग तो नुसता बघत राहिला. जिथं गालांवर तसं तांबडं दिसेल तिथं थांबायचा. त्या माणसाला घागर उचलायला सांगायचा, दारापासून विहिरीपर्यंत चालायला सांगायचा, आणि कमरेच्या सुंभाला एक गाठ मारायचा. माणूस तरणं असून म्हाताऱ्यासारखं खचलेलं दिसलं, तर गाठीवर गाठ.

तो सुंभ सोडून त्यानं गोमाच्या हातात दिला.

"मोज. चार गाठींत एक दुहेरी लागेल. एकटी चांगुणा असती तर मीसुद्धा सोंग म्हटलं असतं. पण वरच्या गावची तांडेलाची सून, खालच्या गावचा लोहार, ह्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. सगळ्यांनी मिळून एकच सोंग कसं घेतलं रे?"

हळदीचं काय, असं कुणीतरी मागून विचारलं. तो म्हणाला, "तो दिवस बरा गेला होता तिचा. एवढाच तिचा गुन्हा."

गोमाची बोटं गाठींवरून सरकत राहिली. पण पाणी थोडंच थांबतंय? खांड हातभराची होती ती वावभर झाली, दोन्ही हात पसरावेत एवढी. गोमा म्हणाला की गाठी खऱ्या असतील, ढेप तर एक कमीच पडली.

 जोमाबाबा खांडीत उतरला आणि पाण्याकडं पाठ करून बसला. असं म्हणतात, खाडी त्याच्या पाठीला टेकली आणि तिथंच थबकली. पाणी खांद्याला लागलं, हनुवटीला लागलं, पण त्याला ओलांडून एक थेंब आत आला नाही. लोक दोन्ही अंगांनी ढेपा रचत राहिले. म्हातारा एकेकाचं नाव घेऊन सांगत होता, सावकाश, नीट बसव, घाई नको.

अजूनही कोजागिरीच्या दुपारी आमचं गाव बांधावर जमतं. ज्या घरचं माणूस दुखण्यानं येऊ शकत नाही, त्या घराची ढेप दुसऱ्याच्या हातून आधी पडते. दुखणं कुठलं, खरं की खोटं, हे विचारायचं नाही. मग बाकीच्यांच्या ढेपा.

पहिल्यांदा ती ढेप गोमानं टाकली, त्याच दुपारी. खांड बुजत आली होती, फक्त म्हाताऱ्याएवढी जागा उरली होती. गोमा गुडघाभर चिखलात उतरला आणि त्यानं हात पुढं केला.

"जोमादा, ऊठ आता. ती चांगुणाची जागा आहे, ती मी भरतो."